वाइनची चव मळ्यात, व्हिस्कीची पिंपात
(काळ्या पडलेल्या ज्वारीच्या संदर्भात)

ज्या वर्षी परतीचा पाऊस लांबतो, त्या वर्षी आपल्या हिंगोली जिल्ह्यात खरीप ज्वारीचा दाणा कणसातच काळा पडतो. ताटे जोमदार असतात, कणसेही भरलेली असतात. परंतु दाणा पक्व होण्याच्या ऐन वेळी चार-सहा दिवसांची झड लागली म्हणजे त्यावर प्रथम करडी, मग काळी व कित्येकदा गुलाबी बुरशी चढते. अशा ज्वारीची भाकर कडवट लागते व पीठ काळसर येते. मोंढ्यावर नेली असता अडत्या मूठभर दाणे तळहातावर पसरून पाहतो आणि ‘ही दारूच्या कारखान्याची ज्वारी’ असे म्हणून भाव पाडतो. हे वाक्य शेतकऱ्यांच्या कानांवर इतक्या वेळा पडले आहे की, दारूस वाईट धान्यच लागते अशी एक समजूत खेड्यापाड्यांतून रूढ झाली आहे. याच्या नेमकी उलट अशी दुसरी समजूत अलीकडे ऐकू येते. वाइनची बाटली हजार रुपयांस विकली जाते, तेव्हा वाइनची द्राक्षे लावली म्हणजे घरी लक्ष्मी आलीच, असे काही तरुण शेतकरी बोलून दाखवितात.

या दोन्ही समजुती पारखून घ्यावयाच्या तर तांबडी वाइन व व्हिस्की ही दोन पेये कशी तयार होतात, आणि त्यांतील चव मुळात कोठून येते, हे थोडे खोलात जाऊन पाहिले पाहिजे. ज्या मालाची चव शेतात तयार होते त्या मालाच्या शेतकऱ्यास कारखानदार विचारतो. ज्याची चव कारखान्यात तयार होते तेथे शेतकऱ्याचा माल केवळ वजनावर जातो. प्रस्तुत लेखाचा हेतु मद्यपानाचा पुरस्कार करण्याचा नाही, हे सांगावयास नकोच. परवान्यावाचून दारू गाळणे हा १९४९ च्या दारूबंदी कायद्यान्वये गुन्हा आहे, आणि अशा दारूत मिथेनॉल मिसळले गेल्यास काय अनर्थ ओढवतो हे मुंबईतील मालवणी येथे जून २०१५ मध्ये दिसून आले. तेथे शंभराहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली.

रंग सालीत असतो

काळे द्राक्ष बोटांत चिरडून पाहावे. आतील गर व रस पांढरट, जवळजवळ बिनरंगी निघतो. रंग असतो तो सालीत. तांबड्या वाइनची सारी कृती या एका गोष्टीवर उभी आहे. पांढऱ्या वाइनकरिता द्राक्षे दाबून रस लगेच वेगळा काढतात. तांबडीकरिता मात्र देठ काढून द्राक्षे नुसती फोडतात आणि रस, साल व बिया मिळून सर्व ऐवज मोठ्या टाकीत आंबावयास ठेवितात. यीस्ट नावाचे सूक्ष्म किण्व रसातील साखर खाऊन तिचे मद्यार्क व कर्बवायू यांत रूपांतर करते. वायूच्या जोराने साली वर येऊन त्यांचा जाड थर तरंगू लागतो. हा थर तसाच राहू दिला तर वरून सुकतो व आंबट पडतो, म्हणून दिवसातून दोन-चार वेळा तो खाली दाबावा लागतो किंवा खालचा रस पंपाने वर सोडावा लागतो. २५ ते ३० अंश उष्णतेत आठवडा-दहा दिवस हे चालते. तेवढ्या अवधीत सालीतील रंग व तुरटपणा रसात उतरतो.

हा तुरटपणा आपल्या परिचयाचा आहे. हिरडा चघळल्यावर किंवा फार वेळ उकळलेला कोरा चहा प्याल्यावर जीभ व हिरड्या आवळल्यासारख्या होतात, तोच हा गुण. शास्त्रीय भाषेत त्यास टॅनिन म्हणतात. बाभळीच्या सालीने कातडे कमावतात तेही त्याच्याच बळावर. सालीतील टॅनिन मऊ, तर कच्च्या बीमधील खरखरीत असते. म्हणून अनुभवी बागाईतदार द्राक्ष तोडणीपूर्वी बी चावून पाहतो. बी तपकिरी होऊन कुरकुरीत फुटली तर माल तयार झाला. हिरवी व चिकट लागली तर साखर भरलेली असूनही चार दिवस थांबावे लागते.

साखरेचे मापही महत्त्वाचे आहे. लिटरभर रसात सुमारे १७ ग्रॅम साखर असली म्हणजे तिच्यापासून शेकडा एक मद्यार्क होतो. तांबड्या वाइनची द्राक्षे २२ ते २४ ब्रिक्सला तोडतात; त्यांपासून शेकडा १३ च्या आसपास मद्यार्काची वाइन तयार होते. आंबण्याची पहिली क्रिया संपल्यावर बहुतेक तांबड्या वाइनमध्ये दुसरी एक क्रिया घडवून आणतात. विशिष्ट जिवाणू कच्च्या सफरचंदातील तीक्ष्ण आम्लाचे दह्यातील सौम्य आम्लात रूपांतर करतात. ताज्या वाइनची करकरीत आंबट धार त्यामुळे बोथट होते. त्यानंतर चांगल्या प्रतीची वाइन ओक लाकडाच्या पिंपांत, साधारण २२५ लिटरच्या, सहा महिने ते दीड वर्ष ठेवितात. लाकडातून तिला व्हॅनिलाचा व किंचित भाजल्याचा वास मिळतो. परंतु लाकूड येथे फोडणीसारखे आहे, भाजी ती द्राक्षाचीच.

द्राक्षाच्या जातीनुसार चव किती पालटते पाहावे. शिराझ या जातीच्या वाइनला जांभळाचा व काळ्या मिऱ्यांचा वास येतो. मिऱ्यांची ही भावना कोणी मसाला घातल्याने येत नसून, मिऱ्यांत असणारे वासाचे एक द्रव्य शिराझच्या सालीतही सापडते. कॅबर्ने सोव्हिन्यों ही जात कच्ची तोडली तर हिरव्या ढोबळी मिरचीसारखी लागते. घड उन्हात राहिला व पुरता पिकला म्हणजे तो हिरवटपणा ओसरून काळ्या करवंदासारखी गोडी येते. याचा अर्थ असा की, विरळणी केव्हा केली, पाने किती काढली, पाणी केव्हा तोडले आणि तोडणी कोणत्या दिवशी केली, ही शेतकऱ्याची सारी कामे शेवटी पेल्यात उतरतात. वाइनरीचा तज्ज्ञ बागेत येऊन फिरतो तो शिष्टाचार म्हणून नव्हे.

आपल्या महाराष्ट्रात हा धंदा वाढला तो पुणे व नाशिक या भागांत. नारायणगाव येथे १९८० च्या दशकात फेसाळ वाइन तयार होऊ लागली. नाशिकजवळ गंगापूर धरणाच्या परिसरात राजीव सामंत यांनी १९९७ साली वाइनच्या द्राक्षांची लागवड केली आणि २००० साली सुला वाइनरीची पहिली वाइन बाजारात आली. शासनाने २००१ साली द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केले. विंचूर व पलूस येथे वाइन उद्यानांची योजना झाली. पुण्याजवळील मांजरी येथे राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र १९९७ पासून कार्य करीत आहे. मराठवाड्यास द्राक्ष नवे आहे असेही नाही. दौलताबादेस द्राक्षे व डाळिंबे होत असल्याचे इब्न बतूता या प्रवाशाने चौदाव्या शतकात लिहून ठेविले आहे, आणि आज जालना जिल्ह्यातील कडवंचीसारख्या गावाने शेततळ्यांच्या पाण्यावर द्राक्षबागा उभ्या केल्या आहेत.

मग हिंगोली जिल्ह्यात वाइनची द्राक्षे लावावीत काय? येथे दोन गोष्टी ध्यानी घ्याव्या लागतात. पहिली जमिनीची. कयाधू व पूर्णा यांच्या काठची आपली खोल काळी जमीन हळदीस व उसास मानवते, परंतु वाइनच्या वेलीस तिचा उपद्रवच होतो. वेल माजते, पाला फार होतो, घडावर सावली पडते आणि रंग चढत नाही. या वेलीस निचऱ्याची, हलकी, मुरमाड जमीन हवी. ऑक्टोबरातील फळछाटणीनंतरची थंडी, पिकण्याच्या वेळी गार रात्री, ही अनुकूलता नाशिकास जितकी लाभते तितकी आपल्याकडे फाल्गुनाच्या उन्हात टिकत नाही. रात्री उबदार झाल्या की रंग फिका राहतो व आम्ल लवकर घटते.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. खाण्याची द्राक्षे कारखान्याने नाकारली तरी हातगाडीवर विकता येतात, त्यांचा बेदाणा करता येतो. वाइनचे द्राक्ष बारीक, जाड सालीचे व बियांचे असते. ते खावयास कोणी घेत नाही, बेदाण्यास चालत नाही. एकच गिऱ्हाईक असते आणि ते म्हणजे वाइनरी. २००८ च्या अखेरीस जागतिक मंदी आली, त्यातच नोव्हेंबरात मुंबईवर हल्ला झाला, हॉटेलांतील खप घटला व वाइनऱ्यांच्या टाक्या भरलेल्याच राहिल्या. पुढील एक-दोन हंगामांत नाशिककडील कित्येक शेतकऱ्यांची द्राक्षे कोणी उचलली नाहीत. जिवापाड जोपासलेल्या वेली लोकांनी मुळासकट काढून टाकल्या. तेव्हा आपल्याकडे कोणी मांडवाच्या खर्चाचे आमिष दाखवून लागवडीचा आग्रह धरू लागला, तर किती वर्षे, किती टन, किती ब्रिक्सला, कोणत्या भावाने माल उचलणार आणि न उचलल्यास भरपाई काय, हे स्टँप कागदावर लिहून घेतल्यावाचून एक काडीही लावू नये. माझे स्वतःचे मत असे की, आपल्या जिल्ह्यात हा प्रयोग तूर्त न केलेलाच बरा.

दाणा, धूर, तांबे आणि लाकूड

व्हिस्कीची गोष्ट निराळी आहे. वाइनसाठी साखर निसर्गाने द्राक्षात भरून ठेविलेली असते. धान्यात साखर नसते, पिष्ट असते. आणि यीस्टला पिष्ट पचत नाही. म्हणून प्रथम पिष्टाची साखर करावी लागते. स्कॉटलंडमध्ये याकरिता जव, ज्यास आपल्याकडे सातूही म्हणतात, दोन दिवस भिजवून त्यास मोड आणतात. आपल्या घरी लेकरांसाठी नाचणीचे सत्त्व करताना आपण नाचणी भिजवून मोड आणतो, तोच हा प्रकार. मोड फुटताना दाण्यात पाचक द्रव्ये तयार होतात व ती पिष्ट फोडू लागतात. चार-सहा दिवसांनी गरम हवेने हे जव वाळवून मोडाची वाढ थांबवितात. अशा मोड आणून वाळविलेल्या धान्यास माल्ट म्हणतात.

वाळवणीच्या या टप्प्यावर व्हिस्कीत पहिली ठळक चव शिरते. स्कॉटलंडच्या पश्चिमेकडील काही बेटांवर लाकडाऐवजी दलदलीतील कुजलेल्या गवता-शेवाळाची माती कापून, वाळवून जाळतात. तिला पीट म्हणतात. या धुरात वाळविलेल्या माल्टपासून केलेल्या व्हिस्कीला धुराचा, काहीसा आयोडिनसारखा वास येतो. प्रथम वास घेणाऱ्यास दवाखान्याची आठवण व्हावी असा तो असतो, आणि नेमका त्यासाठीच काही लोक तिला अधिक पैसे मोजतात. दाणा तोच, धुराने त्याची किंमत वाढविली.

पुढे माल्ट भरडून सुमारे ६५ अंशांच्या गरम पाण्यात कालवतात. पिष्टाची साखर होऊन गोड पाणी सुटते, ते यीस्ट घालून दोन-चार दिवस आंबवितात. शेकडा आठ-नऊ मद्यार्काचे हे आंबवण, अद्याप बिअरसारखेच. या आंबण्यातून पिकलेल्या केळ्याचा, नाशपातीचा असा फळांचा वास निर्माण होतो. फळ त्यात कोठेच नसते, ते यीस्टचे काम. नंतर तांब्याच्या मोठ्या हंड्यांत दोन वेळा ऊर्ध्वपातन करतात. तांबे वापरतात ते शोभेसाठी नव्हे. आंबवणातील गंधकाची घाण वासाची द्रव्ये तांबे धरून ठेवते. दुसऱ्या ऊर्ध्वपातनात प्रथम येणारा तीव्र व झोंबणारा भाग बाजूस काढतात, शेवटी येणारा जड व ओशट भाग बाजूस काढतात, आणि मधला तेवढा घेतात. कोठे तोडावयाचे हे ठरविणाऱ्याच्या कौशल्यावर पुष्कळ काही अवलंबून असते.

इतके झाल्यावरही जे हाती येते ते पाण्यासारखे बिनरंगी असते. त्यास व्हिस्की म्हणता येत नाही. कायद्याने स्कॉटलंडमध्ये ते ओकच्या पिंपात किमान तीन वर्षे राहिले पाहिजे. चांगल्या मालास दहा-बारा वर्षे ठेवितात. सोनेरी रंग, व्हॅनिला, ओल्या खोबऱ्याचा वास, भाजलेल्या गुळासारखी गोडी, सुक्या मेव्याची चव, हे बहुतांशी लाकडाचे देणे आहे. अमेरिकेतील बूर्बन व्हिस्कीत निम्म्याहून अधिक मका असावा लागतो व ती आतून जाळलेल्या नव्या पिंपातच मुरवावी लागते. एकदा वापरलेली ही पिंपे मग स्कॉटलंडात व आपल्या देशातही विकत येतात. पूर्वी कोणता ऐवज त्यात होता यावर पुढच्या व्हिस्कीची चव ठरते. जाणकारांच्या मते व्हिस्कीच्या चवीचा अर्ध्याहून अधिक भाग पिंपातून येतो.

पिंपात मुरताना मद्यार्क लाकडातून उडूनही जातो. थंड स्कॉटलंडमध्ये ही घट वर्षाला शेकडा दोनच्या सुमारास असते. तिला तिकडे ‘देवदूतांचा वाटा’ म्हणतात. बंगळूरच्या हवेत हीच घट वर्षाला शेकडा दहाच्या घरात जाते. हळद शिजवून वाळविल्यावर पाच क्विंटलची एक क्विंटल कशी होते हे ज्याने पाहिले आहे, त्या वसमतच्या शेतकऱ्यास घटीचे दुःख निराळे सांगावयास नको. परंतु उष्ण हवेत मुरणेही लवकर होते. बंगळूरच्या अमृत कारखान्याने केवळ जवाच्या माल्टची, एकाच कारखान्यात तयार झालेली व्हिस्की २००४ साली ग्लासगो येथे विक्रीस ठेविली. गोव्यात कुंकळी येथील पॉल जॉन ही व्हिस्की २०१२ पासून बाहेर पडली. दोन्हींनी परदेशात नाव मिळविले. जव उत्तर भारतातील, परंतु नाव झाले ते बंगळूरचे व गोव्याचे. जव पिकविणाऱ्या गावाचे नाव बाटलीवर शोधूनही सापडणार नाही.

ज्वारीचे काय होते

आतापर्यंत सांगितली ती महागड्या व्हिस्कीची कृती. आपल्या देशात जी व्हिस्की मोठ्या प्रमाणावर खपते ती अशी तयार होत नाही. साखर कारखान्याच्या मळीपासून किंवा धान्यापासून प्रथम अतिशुद्ध मद्यार्क काढतात. त्यात थोडी माल्टची व्हिस्की, पाणी व जाळलेल्या साखरेचा रंग मिसळून शेकडा ४२.८ तीव्रतेची बाटली भरतात. मळीपासून केलेल्या अशा पेयास युरोपात व्हिस्की म्हणू देत नाहीत. व्हिस्की धान्याचीच असली पाहिजे असा तेथील नियम आहे.

ज्वारी या मार्गाने बाटलीत जाते. कारखान्यात ज्वारी दळून पाण्यात कालवितात व उकळत्या वाफेने शिजवितात. जवापेक्षा ज्वारीचे पिष्ट फुगावयास अधिक उष्णता लागते, म्हणून हे शिजविणे आवश्यक ठरते. मोड आणण्याची खटपट कोणी करीत नाही. पिष्ट फोडणारी पाचक द्रव्ये तयार आणून घालतात. दोन-तीन दिवस आंबवून मग तांब्याच्या हंड्याऐवजी उंच मनोऱ्यासारख्या स्तंभांतून ऊर्ध्वपातन करीत शेकडा ९६ तीव्रतेचा मद्यार्क काढतात. या स्तंभांचे कामच असे की, मूळ धान्याचा वास व चव यांचा मागमूस राहू नये. मळीचा, मक्याचा, तुकडा तांदळाचा व ज्वारीचा मद्यार्क शेजारी शेजारी ठेविला तर भल्याभल्यांस ओळखता येणार नाही.

अडत्याच्या त्या वाक्याचा उलगडा येथे होतो. दारूस वाईट धान्य लागते असे मुळीच नाही. कारखान्यास पिष्ट लागते. चव तो पुसून टाकतो, म्हणून काळ्या दाण्याचा दोष त्यास बाधत नाही. क्विंटलभर ज्वारीपासून साधारण ३५ ते ४० लिटर शुद्ध मद्यार्क मिळतो. हिशेब केला तर ७५० मिलिलिटरच्या एका बाटलीमागे किलोभरापेक्षाही कमी ज्वारी पडते. वाइनच्या बाटलीस किलोपेक्षा थोडी अधिक द्राक्षे लागतात. वजनात फारसे अंतर नाही. अंतर आहे ते यात की, नाशिकच्या शेतकऱ्याची द्राक्षे बदलली तर वाइन बदलते आणि आपली ज्वारी बदलली तर कारखान्याचे काहीच अडत नाही. ती महाग झाली की तो मक्याकडे वळतो. दारूसाठी म्हणून मुद्दाम ज्वारी पेरण्याचा सल्ला कोणी दिल्यास हे लक्षात असावे.

याचा अर्थ ज्वारीत चवच नाही असा मात्र कोणी करू नये. चीनमध्ये शेकडो वर्षांपासून ज्वारीचीच दारू श्रेष्ठ मानतात. तेथे लाल, चिकट पिष्टाची विशिष्ट ज्वारी वाफवून, गव्हाच्या विटांत वाढविलेले किण्व मिसळून खड्ड्यांत आंबवितात व मातीच्या रांजणांत वर्षानुवर्षे मुरवितात. तिचा उग्र वास दुरून ओळखू येतो. नायजेरियाने १९८८ साली जवाच्या आयातीवर बंदी घातली तेव्हा तेथील बिअरचे कारखाने ज्वारीवर चालू लागले. मराठवाड्यात पेवातल्या ज्वारीचा वास व मालदांडीच्या भाकरीची गोडी ज्यांस ठाऊक आहे, त्यांना दाण्याच्या चवीविषयी कोणी शिकविण्याची गरज नाही. आपल्या धान्य-मद्यार्काच्या धंद्याने ती चव वापरावयाचे ठरविले नाही, इतकेच.

महाराष्ट्र शासनाने २००७ साली ज्वारी, बाजरी, मका यांपासून मद्यार्क करणाऱ्या कारखान्यांस अनुदान देण्याचे धोरण आणले, तेव्हा अन्नधान्य दारूकडे वळविण्याविरुद्ध राज्यात बराच वाद झाला. शेजारच्या नांदेड जिल्ह्यात धर्माबादजवळ धान्यापासून मद्यार्क काढणारा कारखाना उभा राहिला. पुढे २०१८ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणाने माणसाच्या खाण्यास अयोग्य ठरलेल्या धान्यापासून मोटारीच्या इंधनात मिसळावयाचा मद्यार्क करण्यास वाट मोकळी केली. तेव्हा काळ्या ज्वारीस आता दारूखेरीज दुसरेही गिऱ्हाईक आहे, ही सौदा करताना उपयोगी पडणारी माहिती होय.

काळा दाणा कोणी खाऊ नये

काळे पडणे हा आपल्या जुन्या ज्वारीचा रोग नव्हता. पूर्वीच्या उंच, साडेचार-पाच महिन्यांच्या खरीप जाती पाऊस सरल्यावर निसवत व कोरड्या हवेत पिकत. १९६४ साली सीएसएच-१ हा पहिला संकरित वाण आला व त्यामागून इतर आले. त्यांनी उत्पन्न वाढविले. परंतु साडेतीन महिन्यांत तयार होणारे हे वाण पाऊस चालू असतानाच दाण्यात येतात. वाण लवकर येतो म्हणून आपण तो पेरला, आणि लवकर येतो म्हणूनच तो भिजतो.

बुरशी लागलेल्या दाण्यात केवळ रंग बिघडत नाही. फ्युजेरियम जातीच्या, गुलाबी-पांढऱ्या दिसणाऱ्या बुरशीपासून विषारी द्रव्ये तयार होतात. १९९५ साली दख्खनच्या पठारावरील काही खेड्यांत पावसात भिजलेली बुरशीची ज्वारी व मका खाल्ल्याने लोकांस पोटदुखी व हगवण लागल्याची नोंद आहे. भाकर भाजल्याने ही विषे पुरती जात नाहीत. ऊर्ध्वपातनात ती मद्यार्काबरोबर वर चढत नाहीत, मागे चोथ्यात राहतात. शंभर किलो धान्यामागे सुमारे तीस किलो वाळलेला चोथा उरतो; तेव्हा धान्यात जे विष होते ते चोथ्यात तिपटीच्या जवळपास दाट होते. हा चोथा पशुखाद्यात व कोंबडीखाद्यात वापरला जातो. पशुपालकांनी असा माल घेताना तपासणीचा दाखला मागावा. काळी ज्वारी घरीच भरडून दुभत्या जनावरांपुढे टाकण्याची चाल तर ग्रामसेवकांनी प्रयत्नपूर्वक थांबवावी. काही बुरशींचे विष दुधातही उतरते.

ज्या शेतकऱ्यांस खरीप ज्वारी कडब्यासाठी का होईना पेरावयाचीच असते, त्यांनी बुरशीस काहीशी दाद न देणारा परभणी श्वेता (पीव्हीके ८०१) यासारखा वाण निवडावा. कृषि विज्ञान केंद्र, तोंडापूर, अथवा परभणी येथील ज्वार संशोधन केंद्राकडे बियाण्याची चौकशी करता येईल. कापणीची वेळ कडबा वाळण्यावर ठरवू नये. दाणा कणसातून काढून त्याचे बूड पाहावे; तेथे काळा ठिपका दिसला म्हणजे दाण्यात पिष्ट भरून झाले, त्यापुढे तो वाढत नाही, फक्त भिजतो. त्या वेळी दाण्यात शेकडा तीसच्या आसपास ओल असते. उघडीप मिळताच कणसे खुडून ताडपत्रीवर पातळ पसरावी, ओली रास खळ्यावर रात्रभर ठेवू नये, आणि ओल बारा टक्क्यांच्या खाली आल्यावरच पोती भरावी.

मळणीच्या वेळी चांगली व काळी कणसे निरनिराळी मळावी. पाच पोती चांगल्या ज्वारीत एक पोते काळे मिसळले तर सहाही पोत्यांस काळ्याचा भाव मिळतो, हा मोंढ्यावरचा नित्याचा अनुभव आहे. काळा माल विकताना तो रंगावर नव्हे, तर वजनावर व ओलीवर तोलून विकावा. पोकळ, हलक्या दाण्यात पिष्ट कमी, म्हणून त्यास भाव कमी मिळणे योग्यच. परंतु दाणा भरीव व कोरडा असून केवळ वरून काळा असेल, तर कारखान्याच्या दृष्टीने तो चांगल्या दाण्याच्या जवळपास काम देतो. कारखाने ट्रकने माल घेतात, दोन-चार पोत्यांस उभे करीत नाहीत. गावातील दहा-पंधरा शेतकऱ्यांनी किंवा शेतकरी उत्पादक कंपनीने माल एकत्र करून ओलीचा दाखला सोबत जोडावा आणि मोंढ्यातील भाव व कारखान्याचा पोहोच भाव, भाडे वजा करून, दोन्ही एकाच दिवशी विचारून घ्यावे.